झऱ्याचं तोंड कोणी धुवायचं?

एका रानात कोण कोण राहत होतं याची यादी द्यायला बसलो, तर तुमची जेवणं राहतील आणि तुमच्या घरचे माझ्या नावाने ओरडतील. तेव्हा कामापुरतं सांगतो. त्या रानात एक झरा होता. झऱ्याशेजारी सात गुळगुळीत दगड होते, आणि त्या दगडांना रानातल्या साऱ्या बायका 'आई' म्हणत. बायका म्हणजे कोण, तर अंगभर काटे असलेली म्हातारी साळू, पिसारा नसलेली आणि त्याची फिकीरही नसलेली लांडोर, जरा खुट्ट झालं की दचकणारी हरिणी, आणि अकरा पिल्लांची आई असलेली डुकरीण. डुकरीण कधी बोलत नसे, गातही नसे. अकरा पिल्लं म्हटल्यावर तिला बोलायला सवड कुठे होती?

दर मंगळवारी उजाडताना या सगळ्या झऱ्यावर जमत. सात दगड धुवायचे, एकेकावर हिरवं पान ठेवायचं, आणि मग गात गात झऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ उपसायचा. कोणी खुरांनी, कोणी पंजांनी, कोणी नाकाने, जिला जसं जमेल तसं. याला त्या 'आईचं तोंड धुणं' म्हणत. गाणंही साधंच होतं :

आई, तुझिया गं मुखी, साचला गं काळा गाळ
लेकी आल्या गं पुसाया, उगवली गं सकाळ

नर मंडळी तेव्हा घोरत पडलेली असत. उठून पाण्यावर येत, तर पाणी नितळ. ते आपोआपच नितळ राहतं अशी त्यांची पक्की समजूत होती. हसू नका. तुमचे धुतलेले कपडेही घडी होऊन आपोआपच कपाटात जाऊन बसतात, नाही का?

डुकरिणीचा नवरा भलंथोरलं रानडुक्कर. त्याला सगळे 'दादासाहेब' म्हणत, कारण न म्हणणाऱ्याला तो धडक देई. एका उन्हाळ्यात त्याच्या अंगाला खाज सुटली आणि झऱ्यात लोळावं असं त्याच्या मनाने घेतलं. पण आईच्या झऱ्यात लोळायचं म्हणजे सगळ्या बायका अंगावर येणार. म्हणून त्याने कोल्ह्याला गाठलं.

"काहीतरी काढ बाबा वाट," रानडुक्कर म्हणालं.

"त्यात काय अवघड, दादासाहेब," कोल्हा म्हणाला. "तुम्ही जागा मागूच नका. जागा पवित्र आहे असं मी सांगतो. मग ती आपलीच."

दुसऱ्याच दिवशी कपाळाला तांबडी माती फासून कोल्हा सात दगडांपुढे उभा राहिला. "हे स्थान फार कडक आहे," त्याने जाहीर केलं. "देवीला बायकांचा विटाळ चालत नाही. आजपासून बायकांनी चाळीस पावलं लांब थांबायचं. पूजा मी करीन. उतारावरून जो ओघळ खाली येतो तो तीर्थ म्हणून प्या. तुम्ही गाता गोड. लांबून गात जा."

"चाळीस पावलं कोणाची, बुवा?" साळूने विचारलं. "गोगलगायीची की हत्तीची?"

"थट्टा नको, आजी. कोप होईल."

"आणि दादासाहेब आत बसलेले देवीला चालतात वाटतं?" लांडोर म्हणाली. रानडुक्कर तोवर पोटापर्यंत पाण्यात शिरलेलं होतं.

"ते राखण करतात," कोल्हा म्हणाला. "राखणदाराला जवळच बसावं लागतं."

ऐकलंत? ज्या दगडांवर या गृहस्थाने जन्मात एक पान ठेवलं नव्हतं, त्यांना आता त्याला विचारल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. ज्यांनी ते धुवून धुवून गुळगुळीत केले, त्यांच्याच हातांचा म्हणे विटाळ. आणि सांबर, ससा, मोर अशी सगळी नर मंडळी तिथे उभी राहून माना डोलावत होती. मोराचं एक समजू शकतं. त्याची मान दिसायला बरी आहे, तो कशालाही डोलावतो. बाकीच्यांना काय झालं होतं?

हरिणी नुकती बाळंत झाली होती. पाडस आठ दिवसांचं, पाय अजून एकमेकांत अडकत होते. त्याला सोडून ती लांब जाऊ शकत नव्हती, आणि पोटात पाणी गेलं नाही तर अंगावर दूध उतरत नव्हतं. नदी होती दोन डोंगरांपलीकडे. तेव्हा तो ओघळ हाच तिचा आधार, आणि रानडुक्कर वर लोळल्यापासून ओघळाला चिखलाचा वास येई. तरी ती मुकाट्याने पीत होती.

इकडे कोल्ह्याची पूजा थाटात चालली. झऱ्याच्या तोंडाशी फुलांचा ढीग, ढिगावर पानं, पानांवर आणखी फुलं. घंटा नव्हती म्हणून तो स्वतःच गळा काढून केकाटे. गाळ काढायचं मात्र त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पहिला मंगळवार गेला तेव्हा लांडोरीने चाळीस पावलांवरून ओरडून विचारलं, "बुवा, गाळाचं काय?"

"ते साफसफाईचं काम," कोल्हा म्हणाला. "पूजा वेगळी."

दुसरा मंगळवार गेला. फुलं कुजली, गाळ चढला, आणि एका दुपारी ओघळ आटला. हरिणी ओल्या मातीला जीभ लावून बसली. लांडोर उडत नदीवर गेली आणि चोचीत पाणी घेऊन आली. चोचीत मावणार किती? हरिणीचे ओठ ओले झाले, संपलं. पाडस दूध ओढायचं, दूध यायचं नाही, मग ते तिच्या पोटाला डोकं घासत उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी ते उभंही राहिना.

आता तरी कोल्ह्याने गप्प बसावं. पण नाही. त्याने सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "देवी कोपली आहे. कोणीतरी बाई हद्दीच्या आत आली असणार. ती हरिणी ओली बाळंतीण, झऱ्याच्या एवढ्या जवळ राहते. तिला रानाबाहेर घालवा, पाणी येईल."

माझे तर हात शिवशिवले. तुमचे शिवशिवत नसतील तर एकदा तपासून घ्या.

पण त्या दिवशी पहिल्यांदाच हरिणी दचकली नाही. ती उठली, पाडसाला साळूजवळ ठेवलं, आणि तिने विचारलं, "बुवा, आईला बाळंतिणीचा विटाळ होतो?"

"होतो."

"मग तिला आई कशाला म्हणता?"

कोल्ह्याने मध्येच घंटेऐवजी गळा काढला.

"तिच्या तोंडात गाळ भरलाय, म्हणून पाणी येत नाही," हरिणी म्हणाली. "कोपली नाही ती. तिचा श्वास कोंडलाय. आणि माझं पिल्लू मरायला टेकलंय. मी तिचं तोंड धुणार."

आणि ती गायला लागली. आवाज फुटका, घसा कोरडा. पण गाणं दर मंगळवारचं होतं, ते गाताना भीती वाटायची तिला सवयच नव्हती. लांडोर गात तिच्या मागे चालू लागली. साळू म्हणाली, "पिल्लाला घेऊनच चला, बाई, इथे सांभाळतंय कोण," आणि त्याला नाकाने पुढे सरकवत तीही गात निघाली. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. पाहणाऱ्यांनी मोजलीसुद्धा. त्यांना मोजण्याखेरीज काही येत नव्हतं.

झऱ्यापुढे रानडुक्कर सुळे काढून उभं राहिलं. "मागे फिरा," ते गुरगुरलं. "एकेकीला फाडीन."

हरिणीचं गाणं थांबलं नाही. आणि तेवढ्यात त्या गाण्यात चौथा आवाज मिसळला. जाड, घोगरा, कोणीच कधी न ऐकलेला. रानडुकराच्या मागच्या झुडपातून डुकरीण बाहेर आली, मागे अकरा पिल्लांची रांग. तिलाही चाळीस पावलांची हद्द होती, तिलाही पाणी नव्हतं. नवऱ्याच्या अंगावरचा चिखल तेवढा तिला रोज दिसत होता.

"तू इथे कशाला?" रानडुक्कर म्हणालं.

"बाजूला व्हा," डुकरीण म्हणाली.

"अगं, चारचौघांत..."

"चारचौघांतच सांगते. माझी अकरा आणि हिचं एक तहानेने वाळलीत, आणि तुम्ही खाज भागवताय. बाजूला व्हा, नाहीतर यांच्यासकट मी तुमच्या अंगावरून जाईन."

रानडुकराला धडक द्यायची कशी ते ठाऊक होतं. पण स्वतःच्या पिल्लांच्या रांगेला कशी देणार? ते एक पाऊल सरलं, आणि चौघीजणी आत शिरल्या. आधी त्यांनी सात दगडांना हात लावला, कपाळ टेकलं. मग डुकरिणीने नाक गाळात खुपसलं. नाक काय ते, नांगरच. कुजकी फुलं, पानं, चिखल सगळं भराभर बाहेर पडू लागलं. हरिणी खुरांनी उकरत होती, साळू पंजांनी, लांडोर पंखांनी लोटत होती, आणि गाणं एकसारखं चाललं होतं. आधी बुडबुडे आले. मग गढूळ पाणी आलं. मग नितळ. हरिणीने तोंड लावलं ते पोट फुगेपर्यंत काढलंच नाही. ती पीत असतानाच पाडस सरपटत तिच्या पोटाखाली शिरलं, आणि थोड्या वेळाने त्याची शेपटी हलायला लागली.

कोल्ह्याने कपाळावरची माती नीट केली आणि तो म्हणाला, "पाहिलंत? माझ्या पूजेला फळ आलं."

मोराने मान डोलावली. खोटं वाटत असेल तर मोराला विचारा.

बायका मात्र दगडांभोवती गोल करून बसल्या. उठायचं नाव घेईनात. रानडुक्कर चुळबुळत म्हणालं, "झालं ना मनासारखं? पूजा संपली. जा आता घरी."

"संपली नाही," लांडोर म्हणाली. "आईचं तोंड धुऊन झालं. आता हरिणीला रानाबाहेर घालवा असं कोणी कोणाला विचारून सांगितलं, ते ऐकायचंय. बुवा, तुम्ही पुढे या. दादासाहेब, तुम्हीही. बसा खाली."

आणि दोघेही बसले.

तात्पर्य : बायका देवापाशी नुसत्या गातात, असं समजून कोणी त्यांना लांब बसवू नये; देवापाशी ज्या स्वतःच्या हातांनी गाळ उपसतात, त्या अन्यायापुढे उभं राहायचं बळही तिथूनच घेऊन येतात.