चिपबाईंच्या माथ्यावरचा बुडबुडा

यंत्रं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका काचेच्या पेटीत चिपबाई राहायच्या. हिशेबाला भारी हुशार, पण डोकं लगेच तापायचं. म्हणून मालकाने त्यांच्या माथ्यावरून नळ्यांनी निळं पाणी खेळवलं, वर दिवे लावले. थाट असा, की नवरीने लाजावं.

पण पाणी भरताना एक बुडबुडा आत राहिला आणि नेमका बाईंच्या माथ्यावर जाऊन बसला. पाणी अडलं.

खालून पाणी ढकलणारा पंप धापा टाकत म्हणाला, "बाई, पेटीला सांगा, जरा कलती हो. हा निघून जाईल. नाहीतर जळाल हो!"

"पाहुणे बघायला आलेत अन् मी वाकडी होऊ?"

"छे छे!" बुडबुडा म्हणाला. "तुमच्यासारखीनं का वाकावं?"

"बघ, याला कळतं. नाहीतर तू, मेला सदा रडका!"

बाई तापल्या, तसे दिवे लालभडक झाले. पाहुणे म्हणाले, "काय तेज आहे!" बाई आणखी ताठ बसल्या आणि कौतुक ऐकता ऐकता जळाल्या.

मालकाने उघडायला पेटी आडवी केली. त्याबरोबर बुडबुडा निसटला, बाईंचा निरोपसुद्धा न घेता. वाट मोकळी झाली आणि गारेगार पाणी बाईंच्या जळक्या माथ्यावर येऊन पोचलं.