रडकं मशीन आणि भंडाऱ्याची डबी

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात सोपानराव नावाचे एक निवृत्त एसटी कंडक्टर राहत होते. पूल आला की प्रवासी हात जोडतात आणि खिडकीतून नदीत नाणं टाकतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. ही सगळी नाणी पुढे जातात कुठे, हा विचार नोकरीभर त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. निवृत्त झाल्यावर त्यांनी जमिनीतला धातू हुडकणारं मशीन आणलं. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की कानाला हेडफोन लावून ते पुलाखालच्या वाळूत हिंडायचे.

माणूस फार भला. फक्त एक खोड होती. बसमध्ये कोणी “लेकीकडं निघालोय, तिचं बाळंतपण...” असं सुरू केलं की सोपानराव म्हणायचे, “गाव सांगा, बाकी राहू द्या.” भरल्या बसमध्ये ते बरोबरच होतं म्हणा. पण नोकरी संपली तरी खोड राहिली. घरात त्यांच्या बायको द्वारकाबाई काही सांगायला लागल्या की त्यांनाही अर्ध्यात थांबवून ते विचारायचे, “मुद्दा काय?” द्वारकाबाई हसायच्या आणि मुद्दा गिळून टाकायच्या.

एका मशीनवर त्यांचं भागलं नाही. दोन वर्षांत तीन झाली. कोणतं सरस, हे ठरवायला त्यांनी द्वारकाबाईंचा मेथीचा वाफा उकरला, त्यात निरनिराळी नाणी आणि बायकोचं एक जोडवं पुरलं आणि आळीपाळीने तिन्ही मशीनं फिरवली. निकाल वहीत लिहिला. पहिलं मशीन स्वस्तातलं. ते खिळ्यावर वाजे, पत्र्यावर वाजे, सोडावॉटरच्या बुचावरही वाजे. सोपानरावांनी त्याचं नाव रडकं ठेवलं आणि वहीत लिहिलं, “अक्कल शून्य.” दुसरं ओल्या वाळूत भांबावायचं. तिसऱ्यावर मात्र त्यांचा भारी जीव. ते पडद्यावर आकडा दाखवून चांदी की पितळ ते सांगायचं. शिवाय त्यात एक बटण होतं. ते दाबलं की लोखंड आलं तरी मशीन गप्प राहायचं. सोपानराव ते बटण कायम दाबून ठेवायचे. मेथी मात्र त्या वर्षी आलीच नाही.

एका बुधवारी सकाळी तान्हूबाई दारात आली. नदीच्या पात्रात कलिंगडं लावून पोट भरणारी ही म्हातारी. तिच्या नातवाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि रविवारी घरात जागरण होतं. त्याआधी देवघरातला खंडोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा, ती देवभेटीला जेजुरीला घेऊन गेली होती. परत येताना पात्र ओलांडलं आणि घरी येऊन पाहते तर गाठोड्याची गाठ सुटलेली, टाक नाही. सासूच्या सासूपासून चालत आलेला देव. तो नसेल तर जागरण कोणापुढे मांडायचं? नवी सून घरात आली आणि देव घरातून गेला, असं लोक बोलणार. म्हातारीला सगळ्यात जास्त काळजी त्या पोरीची होती.

“कंडक्टरभाऊ,” ती म्हणाली, “जेजुरीतनं निगताना मी त्याला...”

“वस्तू सांगा, बाकी राहू द्या,” सोपानराव म्हणाले. “चांदीचा टाक ना? झालं. चांदीचा आकडा मला पाठ आहे.”

आणि ते तिसरं मशीन घेऊन निघालेसुद्धा.

मनापासून शोधलं त्यांनी, खोटं कशाला बोलू? तीन दिवस उन्हात पायवाटेच्या दोन्ही अंगांनी वीत न् वीत वाळू पालथी घातली. नाणी मिळाली, पितळी घुंगरू मिळालं. टाक मिळाला नाही. शनिवारी सकाळी तान्हूबाई विचारायला आली तेव्हा त्यांनी घराच्या ओट्यावर मशीन टेकवलं आणि ते म्हणाले, “तान्हूबाई, वाळूत टाक नाही. हे मशीन चुकत नाही.”

तान्हूबाई पदराने डोळे पुसून उठली. द्वारकाबाईंनी तिला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मावशी, निघाल्यापासून सगळं सांगा. मला घाई नाही.”

मग तान्हूबाईनं सगळं सांगितलं. गाडीला किती गर्दी होती, नव्या सुनेनं बरोबर काय बांधून दिलं, पायऱ्या चढताना गुडघे कसे दुखले. आणि सांगता सांगता म्हणाली, “देवाला झळ नगं लागाया म्हनून पत्र्याच्या डबीत भंडारा भरला अन् त्यात त्याला निजवला. तेच सांगत हुते मी भाऊंना.”

सोपानराव जागच्या जागी थिजले. पत्र्याची डबी म्हणजे लोखंड. आणि लोखंड आलं की गप्प बसायचं, असं मशीनला त्यांनीच शिकवलेलं. तीन दिवस ते कदाचित देवाच्या डोक्यावरून येरझाऱ्या घालत होते. त्यांना इतकी लाज वाटली की वर बघवेना. द्वारकाबाई आत गेल्या आणि कोनाड्यातलं रडकं घेऊन आल्या. त्यावरची धूळ पदराने पुसली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे घ्या. हे कुणालाही गप्प करत नाही.”

सोपानरावांनी ते घेतलं आणि तान्हूबाईला घेऊन नवरा-बायको पात्रात उतरले. रडकं पावलोपावली रडलं. प्रत्येक रडण्याला नवरा-बायको गुडघ्यावर बसून उकरत होते. खिळे निघाले, बुचं निघाली, बैलाची नाल निघाली, तुटका विळा निघाला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सोपानरावांच्या बोटांना एक गुळगुळीत कड लागली. डबी होती. त्यांनी झाकण उघडलं. पिवळाजर्द भंडारा वाळूवर सांडला आणि त्यात देव निवांत निजलेला.

तान्हूबाईनं टाक कपाळाला लावला. मग चिमूटभर भंडारा सोपानरावांच्या कपाळाला लावला, आणि चिमूटभर रडक्यालाही. “गुणाचं हाय बिचारं,” ती म्हणाली.

सोपानरावांनी घरी येऊन वहीतलं “अक्कल शून्य” खोडलं. रडक्यापुढून खोडलं आणि खाली स्वतःचं नाव घालून त्यापुढे तेच लिहिलं. वही द्वारकाबाईंना दाखवली. त्या हसून म्हणाल्या, “असू दे हो. मी काय म्हणत होते...” आणि सवयीने मध्येच थांबल्या.

सोपानरावांनी कानावरचे हेडफोन काढून खाली ठेवले. “बोल,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांग. बाकीचंही सांग.”

तात्पर्य: काय ऐकायचं नाही हे जो आधीच ठरवून बसतो, त्याला हवी असलेली गोष्टही ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, आपल्या माणसाचं तर नक्कीच.