कानावरचा की कानातला?

बोरजाईच्या सरकारांपुढे दोन डब्या होत्या, आणि त्यातली एक आज परत धाडायची होती.

एकीत हेडफोन होता. डोक्यावरून घालायचा, कानावर गादीसारखा बसणारा. दुसरीत बड होते. बिनतारी, शेंगदाण्याएवढे, कानात खोचायचे. पुण्याच्या लेकानं दोन्ही पाठवले होते. आवडेल ते ठेवा, उरेल ते परत करतो, म्हणाला होता.

गरज अशी पडली, की सरकार एके काळचे नावाजलेले पैलवान. अजूनही रोज तालमीत उतरायचे, आणि व्यायाम करताना आपल्याच जुन्या कुस्तीचं समालोचन ऐकायचे. तेही भोंग्यावर. सगळ्या गावाला रोज पहाटे तीच कुस्ती! शेवटी त्यांच्या पत्नीनं, वहिनीसाहेबांनी, भोंगा कोठीत घालून कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "तुमची कुस्ती तुमच्या कानात ठेवा."

पण ठेवायची कशी? हेडफोन घातला, तर सपाट्या मारताना डोकं खाली गेलं की तो घसरून मातीत. शिवाय दोन्ही कान बंद. परवा वहिनीसाहेब चहासाठी हाका मारून दमल्या, म्हैस दावं तोडून थेट तालमीच्या मातीच्या हौदात शिरली, तरी सरकारांना पत्ता नाही. आणि बड घातले, तर एक लगेच टपकायचा. मग सरकार चिडून दुसराही काढून ठेवायचे.

सरकार असे वैतागून बसलेले, तेवढ्यात दारात जास्मिन आली. तालमीची माती खणून तीत तेल, ताक, हळद कालवणाऱ्या मैनूभाई मुलाण्यांची ही लेक. तिला कुस्ती शिकायची होती. ती रोज विचारायची आणि सरकार रोज नाही म्हणायचे.

"सरकार, आज उतरू का हौदात?"

"नाही. या हौदात आजवर पोरगी उतरलेली नाही."

"म्हैस उतरली की परवा."

तिच्या मागे उभ्या असलेल्या मैनूभाईंनी कपाळाला हात लावला. सरकारांच्या मिशा हलल्या, पण हसू त्यांनी गिळलं.

"तोंड चालतंय तुझं. डोकं चालतंय का बघू. या दोन डब्यांतली एक निवडून दे. घातलेलं पडता कामा नये. कुस्ती अख्खी ऐकू आली पाहिजे. आणि घरातून हाक आली, तर तीही ऐकू आली पाहिजे. जमलं तर उद्यापासून हौदात उतर. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच नाही."

मैनूभाई हळूच म्हणाले, "चल बेटा घरी. कान बुजवून हाक ऐकायची, हे कुणाला जमायचं?"

जास्मिन हलली नाही. ती सरकारांकडे आधी या बाजूनं बघत राहिली, मग त्या बाजूनं.

"काय बघतेस? बाजारातला बैल आहे का मी?"

"सरकार, तुमचा हुकमी डाव कुठला?"

"एकेरी पट." सरकारांची छाती फुगली. "पायात शिरायचो, डोकं कमरेला घासून लावायचो, की गडी आभाळ बघायचा."

"डोकं कुठल्या बाजूनं लावायचा?"

"उजव्या. कायम उजव्या."

"म्हणजे उजवा कान कुस्तीनं नेला. डावा राहिला."

खरंच होतं ते. घासून घासून पैलवानाचा कान मोडतो, सुजतो आणि तसाच घट्ट होऊन बसतो. सरकारांचा उजवा कान कांदाभजीसारखा झाला होता.

"ईदेला अब्बा तुम्हाला अत्तराचा फाया देतात," जास्मिन म्हणाली, "तो तुम्ही डाव्याच कानात ठेवता. सपाट्या मारल्या तरी पडत नाही. तेव्हा हेडफोन परत पाठवा, बड ठेवा. आणि त्यातलाही एकच घाला, डावा."

"एकच? जोडी आहे ती! माझ्या घरात जोडी फोडत नाहीत. बैलांची असो, नाहीतर याची."

"बैलांची जोडी एका कामाला जुंपतात, सरकार. तुमच्या कानांना तुम्ही दोन कामं सांगितलीत. एकानं कुस्ती ऐकायची, एकानं हाक."

सरकारांनी डावा बड कानात खोचला, कुस्ती लावली आणि हौदात उतरून सपाट्या सुरू केल्या. डोकं खाली, वर, पुन्हा खाली. बड जागचा हलला नाही.

आतून वहिनीसाहेबांचा साधाच आवाज आला, "अहो, चहा निवतोय."

"आलो आलो," सरकार म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हरलो.

पण सहजी मान्य करतील ते सरकार कसले! डबीत उरलेला बड त्यांनी उचलला. "आणि याचं काय? वाया गेलेलं मला खपत नाही."

जास्मिननं तो घेतला आणि चहा घेऊन उंबऱ्यात आलेल्या वहिनीसाहेबांच्या हातावर ठेवला. "हा वहिनीसाहेबांना. एकच कुस्ती दोघांनी ऐकायची. मग बघा, हाकच येणार नाही."

वहिनीसाहेबांनी कप खाली ठेवून बड कानात घातला. भोंग्यावर नुसता गलका व्हायचा, आज त्यांना पहिल्यांदाच शब्द कळत होते. त्या उंबऱ्यातच टेकल्या.

"अगं, चहा देतेस ना?" सरकारांनी विचारलं.

"थांबा हो जरा. आत्ता कुठे तुम्ही पट काढताय."

सरकार हसायला लागले ते थांबेचनात. पोट धरून हसले, आणि सपाट्यांनी न पडलेला बड त्या हसण्यानं टपकन मातीत पडला.

जास्मिननं बड उचलला, ओढणीला पुसला आणि पुढे केला. "सरकार, अटीत हसण्याचं नव्हतं."

"नव्हतं, नव्हतं!" सरकार डोळे पुसत म्हणाले. "मैनूभाई, उद्या हौदातले खडे नीट वेचा. पोरगी उतरणार आहे. तिचा दूध-बदामाचा खुराक माझ्याकडून. आणि एकेरी पट मी स्वतः शिकवीन."

"शिकवा," जास्मिन म्हणाली, "पण कान राखून. आमच्या घरात अम्मी आणि अब्बा, दोघंही हाका मारतात."