बिनभाकरीचा निरोप

फार जुन्या काळची गोष्ट. त्या दिवशी एका गावावर ऊन नुसतं ओतत होतं. वारा पडला होता. कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून निजली होती, आणि कावळ्यालाही ओरडायचा कंटाळा आला होता.

गावाच्या कडेला एक म्हातारा झोपडीच्या सावलीत दोर वळत बसला होता. दोर वळणं हे काही त्याचं मूळचं काम नव्हे. त्याच्या घराण्याकडे गावाची वेठ होती. कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना पायी जाऊन वर्दी द्यायची, आणि त्याच्या बदल्यात टोपली घेऊन दारोदार शिळी भाकर मागायची. आज्यानं केलं, बापानं केलं, म्हाताऱ्यानंही त्यातच उमर घालवली. दिवसभर लोकांची अरेतुरे ऐकायची, तो राग दारूत बुडवायचा आणि उरलासुरला म्हातारीच्या पाठीवर काढायचा. असे दिवस चालले होते.

मग एका पावसाळ्यात गावाबाहेर एक भिक्खू मुक्कामाला राहिले. म्हातारा आधी आडोशाला म्हणून जाऊन बसला, मग ऐकायला म्हणून जाऊ लागला. भिक्खू म्हणाले, "बाबा, तुम्ही कुणाच्या पोटी आलात हे कुणी विचारू नये. तुमच्या हातून काय होतं ते विचारावं."

साऱ्या घरानं त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं. टोपली चुलीत गेली. दारू सुटली. दोर विकून जे येईल त्यात ताजी भाकर भाजायची, कधी अर्धीच वाट्याला यायची, पण सगळे एकदम जेवायला बसायचे. नवऱ्याची चाहूल लागली की म्हातारी आता दचकत नव्हती. फार काही नाही, एवढंच बदललं होतं. पण म्हातारीला विचाराल तर तिला तेच फार होतं.

शेजारी मात्र हसायचा. त्याची वेठ अजून चालूच होती. "काय दादा, तुमचा बुद्ध भाकरी देतो का नाय?"

"देत नाही रे बाबा," म्हातारा म्हणायचा. "मागायची सवय तेवढी घेऊन गेला."

तर त्या दुपारी पाटलांचा गडी दारात येऊन उभा राहिला. "ए म्हाताऱ्या, ऊठ. पाटलीणबाई गेल्या. तुझा शेजारी पाटलांच्या भावकीला वर्दी द्यायला गेलाय. डोंगरापल्याड लेकीला वर्दी तू दे. हुकूम हाय पाटलांचा."

म्हाताऱ्याचा मुलगा पुढे झाला. "हुकूम तेवढा परत घेऊन जा. आम्ही वेठ सोडली."

गडी पाय आपटत गेला. थोड्या वेळानं स्वतः पाटील आले. डोक्याला पागोटं नाही, पायात वहाणा नाहीत. मर्तिकाचा निरोप नेणं गावात बाकी साऱ्यांना कमीपणाचं वाटायचं, त्यामुळं जायला कुणीच तयार नव्हतं.

"दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा आहे," पाटील म्हणाले. "पोरीला आईचं तोंड तरी दिसावं." आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

म्हातारा हळूच उठला. मुलानं त्याचा हात धरला. "बाबा, आज गेलात तर उद्या टोपली पुन्हा आपल्या दारात येईल!"

म्हातारा थकला होता. समोर डोंगर तापला होता. म्हणाला, "पोरा, हुकमाला नाही म्हणालास, बरं केलंस. पण आता हा माणूस रडतोय. रडणाऱ्यालाही नाहीच म्हणायचं, असं काही शील आपण घेतलेलं नाही."

मुलगा आत गेला, धोतराचा तुकडा पाण्यात भिजवला आणि बापाच्या डोक्याला बांधला.

म्हातारा झाडाझाडाला टेकत, दम खात गेला आणि लेकीला घेऊन बैलगाडीतून परत आला. दिवस मावळायच्या आत लेक पोचली. आईच्या पायांवर डोकं ठेवून तिनं पोटभर रडून घेतलं.

सगळं उरकल्यावर रिवाजाप्रमाणं पाटलांच्या ओट्यावरून भाकरी खाली टाकल्या गेल्या. भावकीकडून आलेल्या शेजाऱ्यानं टोपली पुढं केली. मग म्हाताऱ्याचा वाटा आला. सकाळच्या घोटभर आंबिलीवर डोंगर तुडवून आलेला जीव तो.

त्यानं हात जोडले. "पाटील, मी कामावर आलो नव्हतो. तुमच्या दुःखाला आलो होतो. दुःखाला आलेला माणूस मजुरी घेत नसतो."

पाटलांनी हातातली भाकर ओट्यावरच ठेवली. मग ते ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि म्हाताऱ्याशेजारी खाली मातीत बसले. "थोडं बसा," म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी म्हाताऱ्याला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं.

घरी निघताना शेजारी मागून आला. टोपली भरलेली होती, पण आज त्याला हसू येत नव्हतं. या गोष्टीचं तात्पर्य काय म्हणाल, तर तो वाटेत जे बोलला तेच:

"दादा, कंबर तुमची माझ्याहून वाकलेली, पण आज ताठ चालताय ते तुम्हीच. मी पण चाललो, तुम्ही पण चाललात. हुकमानं केलं ती वेठ झाली अन् मायेनं केलं ते माणूसपण. हेच जर शिकवत असतील तुमचे भिक्खू, तर एकदा मलाबी घेऊन चला की."