तात्यासाहेबांच्या नावाची हाक

तात्यासाहेब इनामदार वारले. पुढे त्यांच्या नावाचा सर्व्हरही भंगारात गेला. पण त्यांच्या इस्पितळातल्या रक्तपेढीचा कॉम्प्युटर रोज सुरू होताना नेटवर्कवर त्यांनाच हाक मारायचा आणि पिंडाला कावळा शिवायची वाट पाहावी तसा काळी स्क्रीन घेऊन थिजून बसायचा. तो सांभाळणाऱ्या इरावतीच्या अंगावर शहारे यायचे. खिडकीबाहेर रक्तासाठी माणसं ताटकळायची.

तिनं ते नाव काढायची परवानगी मागितली, तेव्हा अध्यक्ष रणधीरराव कडाडले, "माझ्या वडलांचं नाव पुसलंस तर नोकरी गेली! आणि उद्या मशीन झटकन उठलं नाही, तरीही गेली!"

दुसऱ्या सकाळी स्क्रीन क्षणात उजळली. रणधीरराव चरकले. "कुणी ओ दिली?"

"या मशीननंच. नाव तसंच आहे, साहेब. त्यापुढे फक्त गेलेल्या सर्व्हरऐवजी याचाच पत्ता लिहिला. आता हाक मारतो आणि स्वतःच ओ देतो."

"तात्यांच्या नावानं?"

"गेलेला माणूस ओ देत नाही, साहेब. मागे राहिलेल्यानं द्यायची असते."

तेवढ्यात खिडकीतून लांबच्या गावाहून आलेल्या एका बाईचा आवाज आला, "तात्यासाहेब, आहात का हो? लेकीला रक्त पाहिजे."

इरावतीनं बाजूला होऊन रणधीररावांना वाट करून दिली.

"ओ," ते म्हणाले आणि खिडकीकडे गेले.