उंबरमाळची राहून गेलेली हाळी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या घाटात गाडीरस्ता यायच्या कितीतरी आधी, उंबरमाळात आजारी पडायची सोय नव्हती. गाव डोंगराच्या माथ्यावर, वैद्य पायथ्याच्या कसब्यात, आणि मधली वाट अशी की शेळीनेसुद्धा देवाचं नाव घेऊन उतरावं. धडधाकट माणूस सकाळी निघाला तर दुपारपर्यंत पोचे. तापाने फणफणलेला किंवा पाय मोडलेला कसा पोचणार? ज्याच्या घरात उचलून न्यायला खांदे होते, त्याला नेत. ज्याच्या घरात नव्हते, तो माथ्यावरच राही. तेव्हा माणुसकी फार होती असं म्हातारे सांगतात. म्हाताऱ्यांचं सगळंच खरं धरायचं नसतं.

हे बदललं ते हैबतीने. त्याची आई अशीच माथ्यावर राहिली होती, म्हणजे गेली होती. मोठा झाल्यावर त्याने आणखी तीन गडी जमवले, बांबूच्या दांडीला घोंगडी बांधून डोली केली आणि गावाला सांगितलं, "कुनाला बी दुखलं-खुपलं तर दारात हुभं ऱ्हावा आन हाळी द्या. आमी येतो."

हाळी म्हणजे लांबवर जाईल अशी साद. ती ऐकू आली की चौघे हातातलं काम टाकून धावत. नांगर तासात तसाच राही, भाकर ताटात तशीच राही. दोघे खांदा देत, दोघे पालटीला चालत. कुणाच्या घरचा गुळाचा खडासुद्धा घ्यायचा नाही असा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

असं म्हणतात, हैबतीची डोली इतकी स्थिर चाले की रोग्याच्या पोटावर ताकाची वाटी ठेवली तर ती कसब्यात भरलेलीच पोचे. असं म्हणतात, पावसाळ्यात ओढा फुगला की हैबती काठावर उभा राहून म्हणे, "आजारी मानूस हाय गं बाई, वाट दे," आणि पाणी गुडघ्याइतकं होई. वाटेत बसलेली वाघीण त्याला पाहून उठून बाजूला जाई. आता ती मान देऊन बाजूला गेली की हैबतीच्या आवाजाला भिऊन पळाली, हे कुणी तिला विचारलं नाही. आवाज मात्र त्याला होता.

पुढच्या टोकाला हैबती आणि मागच्या टोकाला धाकलू, ही जोडी ठरलेली. धाकलू अंगाने किरकोळ, बोलायला कमी. पण हैबतीचं पाऊल कुठे पडणार हे त्याला आधी कळे. दोघांनी अर्धं आयुष्य एका दांडीखाली काढलं. सख्ख्या भावांना जमत नाही ते त्यांना जमलं होतं.

वाटेच्या मध्यावर एक सपाट धोंड आहे. तिथे डोली टेकवून चौघे दम खात. तिथेच सगळं बिघडलं.

झालं असं, की एकदा दारू पिऊन बांधावरून कोसळलेल्या एका माणसाला नेताना हैबती त्या धोंडीवर त्याला म्हणाला, "सोसत न्हाई तर ढोसतोस कशापायी? आमचे खांदे काय फुकाचे हायेत?" बाकीचे हसले. बोलण्यात तसं खोटं काही नव्हतं. पुढच्या वेळी आणखी कुणी तरी बोललं. मग ती रीतच पडली. धोंडीवर डोली टेकली की चौघे भोवती बसत आणि निजलेल्या माणसाचं काय चुकलं ते एकेक जण सांगे. ठमाकाकी कैऱ्या काढताना झाडावरून पडली, तर तिला ऐकावं लागलं, "म्हातारपनी झाडाव चढायचं वय हाय का तुजं?" कुणाला ताप अंगावर काढला म्हणून, कुणाला उशिरा बोलावलं म्हणून, कुणाला लवकर बोलावलं म्हणूनही. आपण गावाच्या भल्याचंच बोलतोय असं त्यांना मनापासून वाटे. डोलीतलं माणूस ऐकून घेई. उठून जाणार कुठे?

देवराईत फांदी तोडताना पडलेल्या एकाला तर अबोल धाकलूही म्हणाला होता, "देवाचं तोडलंस. भोग आता." तेवढं एकदाच तो बोलला. ते त्याच्याच मनात राहिलं.

हळूहळू गावात हाळ्या कमी झाल्या. महिना-महिना डोली आढ्याला टांगलेली राही. हैबती पारावर बसून अभिमानाने सांगे, "लोक सुदारले बघा. आपल्या बोलन्याचा गुन आला." सुधारलं कुणीच नव्हतं. लोक दुखणी गोधडीखाली झाकून ठेवत होते.

अशात डोलीची दांडी तडकली. सरळ, जाड बांबू माथ्यावर देवराईखेरीज कुठे नव्हता. धाकलू कुणाला न सांगता गेला. देवाची क्षमा मागितली आणि कोयता घातला, तो बांबूवरून सटकून त्याच्या नडगीत बसला. रक्त थांबल्यावर त्याने चिंधी बांधली, वर धोतर सोडलं आणि बांबू घेऊन आला. कुठून आणला विचारल्यावर म्हणाला, "खालच्या वाडीतनं." हैबतीने दांडीवर हात फिरवला आणि फार खूश झाला.

धाकलूची जखम चिघळत गेली. त्या पायाने तो डोली वाहत राहिला. एका खेपेला हैबती पुढून ओरडला, "धाकल्या, पाय उचल की. तुज्याकडं कलतीय डोली. झोपलास का चालता चालता?" धाकलूने पाय उचलला. त्या दिवशी तो कसा चालला असेल, ते विचारू नका.

मग ताप चढला. पाय काळा पडला. बायको सगुणा दारात उभी राहून हाळी देणार, तर त्याने तिचा हात धरून तिला आत बसवलं आणि पहाटे काठी घेऊन एकटाच कसब्याला निघाला. हैबतीचं घर वाटेतच होतं. त्यासमोरून तो गेला. पण नेहमीच्या वाटेला धोंड होती, म्हणून धाकलू त्या वाटेने गेलाच नाही. तो नाळेने उतरला. नाळ म्हणजे डोंगराला पडलेली उभी चीर. तिथून पावसाचं पाणी उतरतं आणि दगड उतरतात. माणूस उतरत नाही.

गुराख्यांना तो नाळेच्या तळाशी सापडला. हैबती धावत गेला. धोतर बाजूला झालं होतं, तेव्हा त्याने पाय पाहिला. जो पाय तो उचल म्हणाला होता, तोच. त्याने डोलीसुद्धा येऊ दिली नाही. धाकलूला स्वतःच्या पाठीवर घेऊन तो नाळ चढून आला.

तेराव्यानंतर हैबती सगुणाच्या दारात बसला आणि म्हणाला, "वैनी, हाक मारली आसती तर मी आदी आलो आसतो. मला का न्हाई हाळी दिली?"

सगुणा रागावली नाही. म्हणाली, "म्या द्याया निगालीच हुती, भाऊजी. त्ये म्हनले, मरन आलं तरी चालंल, पन त्या धोंडीव मला निजवू नगंस. तितं काय बोलत्यात ते मला ठावं हाय."

हैबतीला उठता येईना. जगभराचं ओझं उचललेला माणूस तो, पण त्याला सगुणानेच हात देऊन उठवलं.

काही दिवस गेले. मग एके दिवशी सकाळी गावाने हाळी ऐकली, ती हैबतीच्या दारातून. उरलेले दोघे धावले, आणखी दोघांना बरोबर घेऊन. हैबती धडधाकट उभा. "मला डोलीत घाला," म्हणाला, "आन धोंडीव न्या." काय झालंय ते कुणाला कळेना, म्हणून अख्खा गाव मागोमाग निघाला. धोंडीवर डोली टेकली. हैबती निजल्या निजल्या म्हणाला, "आता बोला. ज्याला ज्याला मी हितं बोललो, त्यानं बोलून घ्या."

खालून वर बघताना माणसं किती उंच दिसतात ते हैबतीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी ठमाकाकी काठी टेकत पुढे आली. तिच्यापाशी बोलायला पुष्कळ होतं. पण ती खाली वाकली आणि म्हणाली, "तोंड सुकलंय रं तुजं. पानी पितोस?"

तेव्हा हैबती रडला. असं म्हणतात, त्याच्या डोळ्यांतलं पाणी धोंडीच्या ज्या खळग्यात साचलं, तो खळगा वैशाखातही आटत नाही. मी हात घालून पाहिलाय, ओला असतो.

दांडी कुठली ते सगुणाने सांगितल्यावर हैबतीने ती डोलीची सोडली आणि देवाची वस्तू देवाला म्हणून राईत नेऊन रोवली. कापून, वाळून, माणसं वाहून थकलेला तो बांबू. असं म्हणतात, त्याला पुढच्या पावसात पालवी फुटली. देव रागावलाच नव्हता. रागावणारे आम्हीच होतो.

डोलीला खालच्या वाडीतून नवी दांडी आणली, आणि त्यानंतर हैबतीने एक वेडेपणा आरंभला. बोटात कुसळ गेलं की तो दारात उभा राहून हाळी देई. उचकी लागली, दे हाळी. झोप आली नाही, दे हाळी. गडी धापा टाकत येत आणि कुसळ बघून कपाळावर हात मारत. एवढा मोठा हैबती कुसळासाठी हाक मारतो म्हटल्यावर लोक आधी हसले, आणि मग त्यांचीही भीड चेपली. ज्या बाईने दोन वर्षं पोटातली कळ झाकली होती तिने हाक मारली. दारुड्याच्या बायकोने मारली. धोंडीवर डोली टेकली की गडी आता एवढंच विचारत, "पानी पितोस?" बाकी काही नाही. वैद्याला काय विचारायचं ते वैद्य विचारेल.

हैबतीला लोक देवमाणूस म्हणू लागले. ते ऐकलं की तो उठून नाळेच्या तोंडाशी जाऊन बसे. तिथे बसलेला असतानाच म्हातारपणी तो गेला.

आता घाटात रस्ता आहे, जीप आहे, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आजाऱ्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसणारी पोरं-पोरी अजूनही आहेत, आणि त्यांना हैबतीचे गडीच म्हणतात, पोरींनासुद्धा. कुणाला गडी व्हायचं असेल तर त्याला आधी डोलीत निजवून धोंडीपर्यंत नेतात आणि तिथे निजवून ठेवतात. भोवती सगळे उभे. खालून दिसणारी ती तोंडं ज्याने एकदा पाहिली, त्याला शिकवावं लागत नाही.

आणि दसऱ्याच्या आधी, धाकलू गेला त्या तिथीला, त्याच्या घराच्या जागेवर त्याच्या वंशातलं कुणीतरी उभं राहतं आणि हाळी देतं. राहून गेली ती एकच हाळी, म्हणून ती दरवर्षी द्यायची असं हैबतीने सांगून ठेवलंय. ती ऐकली की गाव हातातलं काम टाकतं. चौघे रिकामी डोली घेऊन धावत सुटतात, धोंडीच्या वाटेने नाही, नाळेने. हातपाय खरचटतात, पण त्या दिवशी कुणी सावकाश उतरत नाही. तळाशी पोचल्यावर डोली टेकवतात आणि पुढच्या टोकाचा गडी खाली वाकून म्हणतो, "धाकलूबाबा, पानी पितोस?"

तिथे कुणी नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी चौघे उत्तरासाठी थांबतात.