दूध का उतरले नाही

फार पूर्वी, तेव्हाच्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत इतक्या पूर्वी, नदीकाठच्या एका गावात कुंभाराचे घर होते. घरात सासू, मुलगा आणि सून.

सून बाळंत झाली. बाळ सुखरूप होते, पण तिच्या अंगावरून इतके रक्त गेले की ती वाचेल असे कुणाला वाटले नव्हते. ती वाचली. मात्र तिला दूध उतरले नाही.

सासूने अळिवाची खीर केली, शतावरी उगाळून दिली. कशाचाच उपयोग होईना. सून चुलीपुढे बसूनही कुडकुडे, रिकामी घागर उचलतानाही धापा टाके. शेवटी सासूचा धीर सुटला.

"लेकरात मनच नाही तुझं," ती म्हणाली. "मन असतं तर पान्हा फुटला असता."

सुनेलाही आता तसेच वाटू लागले होते.

एका सकाळी ती नदीच्या वाटेवर कोसळली. बायकांनी तिला उचलून घरी आणले. गावच्या म्हाताऱ्या वैद्याने नाडी पाहिली आणि बाळंतपणाची सारी हकिकत विचारली.

"वैद्यबाबा, हिच्या छातीत काही दोष आहे का?" सासूने विचारले.

"नाही, बाई. दुधाला हाक यावी लागते. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे. अंगात काय कमी, काय जास्त, ते तिला कळतं. ती आपल्या खालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला सांगते, आणि ती ग्रंथी दुधाला, उबेला, ताकदीला हाक घालते. पुरेसं झालं की तेही वर कळतं, मग हाका थांबतात. हिचं रक्त गेलं तेव्हा ती ग्रंथीच सुकली. हाक घालणार कोण?"

त्या वरच्या जागेला आज आपण अधश्चेतक म्हणतो आणि त्या ग्रंथीला पीयूषिका. आज यावर औषध मिळते. तेव्हा नव्हते.

सासू खाली बघत म्हणाली, "म्हणजे मी हिला उगाच बोलले."

"बोललात. आता तिला ऊब द्या, कामाचा भार देऊ नका."

सासूने बाळ शेजारच्या ओल्या बाळंतिणीच्या मांडीवर दिले. तिने आपल्या लेकराबरोबर त्यालाही पाजले. नदीचे पाणी सासू स्वतः आणू लागली.

सून पूर्वीसारखी झाली नाही. ती आणखी काही वर्षे जगली. पण त्या वर्षांत बाळाला जवळ घेताना तिला कधी अपराधी वाटले नाही.

काम अडले की हातांना बोल लावण्याआधी, त्यांच्यापर्यंत हाक पोचली का, ते पाहावे.